बालाघाट आरोहण (नियोजित)

मोहिमेचं नाव आधी ठरलं. मार्ग नंतर ठरला, सायकल त्याच्याही नंतर आली. ‘बालाघाट आरोहण’ हे ते नाव, आणि ते छातीवर छापलेला टी-शर्टही तयार आहे. नाव मीच सुचवलं आणि एकमताने मंजूर केलं, कारण मोहिमेत सध्या मी एकटाच आहे. शाळेतल्या सहकाऱ्यांपैकी एकाला दिवाळीच्या सुट्टीत घराला रंग द्यायचाय, एकाला दाढ काढायचीय. डोंगर चढण्यापेक्षा दाढ काढलेली बरी, असं वाटणारी माणसं मला सोबत नकोच होती.

अडचण एवढीच की आमचं युसूफ वडगाव मुळातच बालाघाटावर आहे. बीड जिल्ह्याची गंगथडी खाली, गोदावरीच्या काठाला, आम्ही वर. ज्या मुलखाचं आरोहण करायचं, त्याच्या डोक्यावरच माझा जन्म झालेला. चढायचं तर आधी उतरणं आलं. म्हणून मार्ग असा आखला: केजवरून धारूर, किल्ल्याला रामराम करून धारूरचा घाट उतरायचा, तेलगाव, वडवणी करत बीड गाठायचं आणि मांजरसुंब्याचा घाट चढून पुन्हा वर यायचं. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन, मग लिंबागणेश, पाटोदा, आणि कळस म्हणजे सौताडा. तिथं विंचरणा नदी दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं देऊळ आहे. परतताना नेकनूर. बायकोनं नकाशा पाहिला आणि विचारलं, “म्हणजे निघायचं तिथंच यायचं, फक्त मधे एकदा खाली उतरून?” मी पंचवीसेक वर्षं भूगोल शिकवतोय, पृथ्वीप्रदक्षिणेचीही व्याख्या हीच होते, हे मी तिला सांगितलं. तिच्यावर परिणाम झाला नाही.

प्रदेश दुर्गम असावा अशी माझी फार इच्छा होती. दुर्गमपणाशिवाय मोहिमेला वजन येत नाही. पण या रस्त्यावर दर आठ-दहा किलोमीटरला माझा एखादा माजी विद्यार्थी भजी तळतोय, टायरचं पंक्चर काढतोय, नाहीतर पतसंस्थेत बसलाय. तंबूत मुक्काम केला तर “सर, घर असताना उघड्यावर झोपता?” म्हणून उचलून नेतील, आणि सकाळच्या आत बायकोला फोन गेलेला असेल. म्हणून मी मुख्य रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटा शोधतोय, निव्वळ ओळख टाळण्यासाठी.

या शोधात वेळ जातो. घरचे म्हणतात, नगर-बीड-परळी रेल्वे बीडपर्यंत आली पण तुमची सहल होईना. हे जरा लागतं. त्या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी १९९५ची आणि बीडपर्यंत गाडी यायला २०२५चा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन उजाडला. माझं नियोजन त्यामानाने सुसाट आहे.

आता सायकल. माउंटन बाईक आहे. तिला चोवीस गियर आहेत, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, आणि बाकी काही नाही. मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, स्टँड नाही. ती उभी करायला कायम भिंत लागते, किंवा एक विद्यार्थी. एवढे पैसे घेऊन काय काय काढून घेतलं, असं गावात प्रत्येकानं विचारलं. पण मुख्य म्हणजे तिला कॅरिअर नाही.

इथं मी जरा रेंगाळणार. आमच्या वडिलांच्या काळ्या ॲटलसला जे कॅरिअर होतं, त्यावर आमचं अर्धं घर चाललं. कडब्याच्या पेंढ्या, दुधाच्या किटल्या, रॉकेलचा डबा, पिठाची गिरणी ते घर असा ज्वारीचा प्रवास. एकदा शेळी. कॅरिअरवर बसण्याची एक रीत होती. सायकल चालू झाल्यावर मागून पळत येऊन बसायचं. आधीच बसून राहणारा आळशी समजला जाई. चढ आला की न सांगता उतरायचं आणि माथ्यावर पुन्हा बसायचं. पाहुणा किती खानदानी आहे हे तो कोणत्या चढाला उतरतो यावरून ठरे. बायकांनी एका बाजूला पाय सोडून बसायचं आणि पदर चाकात जाऊ नये म्हणून खोचायचा. नव्या नवरीला माहेरी नेताना कॅरिअरवर घडी घातलेलं पोतं टाकत, आणि ते पोतं किती जाड, यावरून सासरचं प्रेम मोजलं जाई. लग्नात घड्याळ, रेडिओ आणि सायकल मिळालेला जावई आधी कॅरिअर हलवून बघायचा.

लहानपणी मला एकदा ताप चढला. उतरेना, तेव्हा वडिलांनी त्याच कॅरिअरवर बसवून मला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पडू नये म्हणून आईच्या लुगड्यानं मला त्यांच्या पाठीशी बांधलं होतं. चढ आला तसा मी रीतीप्रमाणे उतरायला चुळबुळ केली. ते म्हणाले, “गप बस.” सगळे चढ त्यांनी तसेच मारले. त्या सायकलीला गियर एकच होता.

असो. गंमत अशी की माउंटन बाईक ही जी काय चीज आहे, तीसुद्धा भंगारातूनच निघाली. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. तिथली काही पोरं जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या वाटेनं सुसाट खाली सोडायची. ब्रेक पायडल उलटं दाबून लावायचा. उतारावर तो इतका तापे की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि दरवेळी नव्यानं भरावं लागे. म्हणून १९७६मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नावच ‘रिपॅक’. त्यांच्यातल्या जो ब्रीझनं पुढे खास सांगाडे बांधले, गॅरी फिशरनं अशा सायकली विकायला काढल्या आणि जगभर धंदा उभा राहिला. आता मला सांगा, त्याच सुमारास आमच्याकडंही पोरं बिनब्रेकच्या सायकलीवर उतार मारतच होती. त्यांचं ग्रीस जळायचं, आमची चप्पल. पुढच्या चाकावर टाच दाबून धरली की सायकल थांबायची आणि घरी गेल्यावर चपलेवरून मार बसायचा. आम्हाला फक्त नाव ठेवायचं सुचलं नाही. ती उणीव मी आता भरून काढतोय.

परवा ओट्यावर सामान मांडून बसलो होतो. तंबू, झोपायची पिशवी, घडीचा स्टोव्ह, दोरी, बायकोनं दुधात मळून केलेल्या दशम्यांचा नमुना. तेवढ्यात शेजारचे आबा आले. दसऱ्यानंतर आमच्याकडची माणसं ऊसतोडीला निघतात, त्यामुळे कुणी बोचकं बांधताना दिसलं की लोक एकच प्रश्न विचारतात.

“कोणत्या कारखान्याला, सर?”

मी हसून सांगितलं, कारखाना नाही, सायकलवर जातोय.

“एकलेच? म्हणजे अर्धा कोयता. उचल किती घेतली?” ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे उचल.

उचल नाही आबा, माझेच पैसे लागलेत, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं. पदरचे पैसे घालून, भर दिवाळीत, बायकापोरं सोडून पाटोद्याकडं जाणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मग नकाशावर बोट ठेवून मी मार्ग दाखवला. नकाशाकडं न बघताच ते बोलायला लागले. तरुणपणी बैलगाडी घेऊन ते याच वाटेनं नगरकडच्या कारखान्याला जायचे, केज, नेकनूर, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड. कुठं बैल सोडायचे, कुठल्या विहिरीचं पाणी दिवाळीला गोड असतं, कुठं वारा लागतो म्हणून चूल आडोशाला मांडायची. मी मुकाट्यानं वही काढली आणि लिहून घेतलं. माझ्या मोबाईलमधला चढाचा आलेख यातलं काहीच सांगत नव्हता.

“गाडीत थोरला होता,” ते म्हणाले. “तवा दोन म्हैन्याचा.”

सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा मी हजेरी घेतो आणि मधेमधे नावांना ओ येत नाही. हंगामी वसतिगृह आहे, काही पोरं आजीपाशी राहतात, तरी ओळी तुटतातच. दरवर्षी मी त्यांच्या आईबापांवर चिडतो, मुकादमावर चिडतो, मग शासनावर. चिडायला सुट्टी नसते. सहावीतल्या एकाला गियर बदलायला फार आवडतात. सायकल धरून उभा राहायचा मान बहुधा त्याचाच. सौताडा माहीत आहे का, म्हणून मी त्याला विचारलं.

“म्हाईतंय की सर, दरसाली जातो त्याच रस्त्यानं. पर टरक रात्री निघतो. काईच दिसत नाही.”

फोटो काढून आणतो, म्हणालो. फोटो मोबाईलमधे आहे, तो म्हणाला, आणि तिसरा गियर टाकला.

या आठवड्यात कॅरिअर बसवायला दिलं आहे. वेल्डिंगवाला सायकल बघून म्हणाला, हे ॲल्युमिनियम, याला रॉड धरणार नाही. पट्ट्या आणि नटबोल्ट मारून देतो, पण वजन किती घ्यायचंय ते आत्ताच सांगा. तंबू धरून दहा-बारा किलो म्हणून मी मोकळा झालो. घरी आलो तर बायको पोत्याची घडी घालत होती. जाड.

“सौताड्यापर्यंत येते मी,” ती म्हणाली. “तुमच्या त्या आलेखात माझंही वजन धरा. आणि सांगून ठेवते, चढाला मी उतरणार नाही.”