समुद्रसपाटीचा चढ

"भावोजी, समुद्राकाठचा रस्ता आहे, सपाट असणारच. समुद्रसपाटी म्हणतात ती काय उगाच?"

मेहुण्याच्या या युक्तिवादात मला काहीच खोट दिसली नाही. कारण तो हे बोलत होता तेव्हा आम्ही दोघे कात्रजच्या चौकात, दोन बसांच्या फटीत, सायकली उभ्या धरून धूर खात होतो. त्या क्षणी त्याने लंकेचा रस्ता सुचवला असता तरी वाटेत चहा कुठे मिळतो एवढंच मी विचारलं असतं.

बेत ठरला तो असा. दिवेआगरहून निघायचं, शेखाडीवरून श्रीवर्धन, बागमांडल्याला खाडी ओलांडायची, वेळासला मुक्काम, दुसऱ्या दिवशी केळशी, आंजर्ले, हर्णै करत मुरुड. दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे. एकूण शंभरेक किलोमीटर. माझं वय ५४, सायकलीला गिअर २१. त्यातले तीनच कामाचे असतात हे मला नंतर कळलं.

दिवेआगर ते शेखाडी हा रस्ता मेहुण्याच्या बाजूने साक्ष देणारा निघाला. उजवीकडे हाताच्या अंतरावर समुद्र, डावीकडे डोंगर, मधे डांबराची पट्टी आणि तिच्यावर आम्ही. तासाभरात चार वाहनं भेटली, त्यातली एक बैलगाडी, आणि तिने आम्हाला मागे टाकलं नाही याचा मला अभिमान आहे. इतकी शांतता की माझ्या सायकलीची साखळी कुरकुरते हे मला दोन वर्षांनी पहिल्यांदाच ऐकू आलं. ही शांतता फक्त आमच्यासारख्यांनाच आवडते असं मात्र नाही. १९९३ साली मुंबईतल्या स्फोटांसाठीची स्फोटकं याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. आता तिथे एक म्हातारी सुकट वाळत घालत होती आणि कावळ्यांना नावं ठेवत होती.

श्रीवर्धन सोडलं आणि समुद्रसपाटीचा खरा अर्थ लागला. कोकणात सह्याद्रीचे फाटे थेट पाण्यापर्यंत उतरलेले. दर दोन फाट्यांच्या मधे एक पुळण, पुळणीला लागून नारळीपोफळी, त्यात गाव. एका गावातून दुसऱ्या गावात जायचं म्हणजे आधी जांभ्याच्या सड्यावर चढायचं, मग उतरायचं. म्हणजे समुद्रसपाटीला आपण दिवसातून चार-पाच वेळा येतो खरे, पण तितक्याच वेळा तिथून बाहेरही पडावं लागतं. पुस्तकात पहिलाच भाग छापतात.

तिसऱ्या वळणावर मी उतरलो आणि सायकल हाताने ढकलू लागलो. समोरून शाळकरी पोरगा आला.

"आजोबा, पंक्चर?"

"नाही रे बाळा."

"मग बसत का नाही?"

याला उत्तर नव्हतं. चढ अजून किती आहे, असं मी विचारलं. "हा काय, दोन वळणं," तो म्हणाला. कोकणात कुठलाही चढ कायम दोन वळणांचाच असतो. मी नऊ मोजली आणि मग मोजणं सोडलं.

श्रीवर्धन हे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. खाडीपलीकडचं वेळास हे नाना फडणिसांचं मूळ गाव. दोन्ही घराणी इथून उठून घाटावर गेली आणि तिकडेच रमली. इतिहासकार सिद्दीचा जाच वगैरे कारणं देतात, ती खरीच असणार. पण एवढं राज्य हाताशी आल्यावरही मंडळी परत येऊन इथे का राहिली नाहीत, याचा उलगडा मला त्या चढावर, हँडलवर कपाळ टेकून उभा असताना झाला.

बागमांडल्याला सावित्रीची खाडी. गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीला इकडे जंगलजेट्टी म्हणतात. मेहुणा बराच वेळ जंगल शोधत होता. तिकीटवाल्याने आमच्याकडे, मग सायकलींकडे पाहिलं.

"गाडी कुठंय?"

"हीच."

"हौसेनं?" त्याने खात्री करून घेतली आणि सायकलींची तिकिटं फाडली.

पण आमच्यावर खरे उपकार याच खाडीचे. मुंबई-गोवा महामार्ग आत डोंगराच्या अंगाने जातो, ट्रक सगळे तिकडे. किनाऱ्याचा रस्ता दर थोड्या अंतरावर एखाद्या खाडीपाशी येऊन संपतो आणि बोटीची वाट पाहतो. ज्याला घाई आहे तो इकडे फिरकतच नाही. रेवस ते रेडी असा सलग सागरी महामार्ग करायचा बेत अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनचा आहे. तो इतकी वर्षं अपुरा राहिला, त्या अपुरेपणावर आम्ही सायकल चालवत होतो. एरवी रखडलेल्या सरकारी कामांवर मी तावातावाने बोलतो. इथे मान खाली घालून पेडल मारले.

वेळासला ज्यांच्या घरी उतरलो त्या वहिनींनी विचारलं, "पुण्याहून सायकलीनं?"

"नाही, दिवेआगरहून."

"अगोबाई! मग गाडी कुठं बिघडली?"

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावकरी ती कुंपणात जपतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर आली की पाण्याकडे सोडतात. सकाळी तो सोहळा पाहायला आम्हीही उभे राहिलो. रुपयाएवढी पावलं टाकत एक पिल्लू निघालं, थांबलं, दम खाल्ला, पुन्हा निघालं. लोक श्वास रोखून बघत होते. एक बाई तर डोळे पुसत होत्या. आदल्या दिवशी मी नेमकं हेच करत होतो, पण एकानेही कौतुक केलं नाही. शिवाय त्याला उतार होता.

वेळास ते केळशी या टप्प्याबद्दल लिहीत नाही. घरात अजून तो विषय निघालेला चालत नाही. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे. नावातच कडा असल्याने आम्ही खालूनच नमस्कार केला. हर्णैच्या पुळणीवर मासळीचा लिलाव चालला होता, त्या कलकलाटात शांततेचा उपास सुटला.

मुरुडला पोचल्यावर चहा घेताना मेहुण्याला महर्षी कर्वे आठवले. विद्यार्थी असताना परीक्षेसाठी ते या मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले, सह्याद्री चढून. आणि तिथे, वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. "आणि भावोजी, तुम्ही दोन वळणांना..." मी त्याच्या बशीतलं शेवटचं बिस्किट उचललं.

आता त्या खाड्यांवर पूल बांधायचं जोरात चाललं आहे. ते झाले की पुण्या-मुंबईच्या गाड्या न थांबता सरळ खाली जातील. तेव्हा जायचं तर आधी जाऊन या. उन्हं तापायच्या आत निघा, ब्रेकची रबरं नवी घाला, आणि जेट्टीवर सायकलीचं तिकीट वेगळं पडतं, सुटे पैसे ठेवा.