संशयाला ताना लागतात

देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ बसवायला घेतलं की पहिल्या वाचनातच लक्षात येतं, यात खलनायक नाही. ‘सौभद्र’ नाटकात निदान कृष्ण तरी आहे. अर्जुनाला संन्याशाच्या वेषात घरात घुसवून, थोरल्या भावाच्या डोळ्यांत धूळ फेकून तो बहिणीचं लग्न जुळवतो. देवलांकडे असा कोणी करविता नाही. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका बघते. मग रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची, तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर निरखत असताना फाल्गुनराव टपकतो. झालं! खोटं बोलून कोणी हा घोळ सुरू केलेला नाही. प्रत्येकाने जे पाहिलं ते खरंच पाहिलंय. सगळी फसवणूक ज्याची त्याने घरच्या घरी केलेली.

आमच्या डोंबिवलीच्या हौशी मंडळात यावर बरीच चर्चा झाली. तरुण मंडळींचं म्हणणं, तसबिरीच्या जागी मोबाइल द्यावा, आजचं वाटेल. दिग्दर्शक बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मोबाइलला लॉक असतं,” ते म्हणाले. “कृत्तिकेला तो उघडणारच नाही. पहिल्याच अंकात नाटक संपेल.” तसबीर राहिली.

आणि ती राहावी हेच बरं, कारण तिने प्रवास फार केलाय. मोलिएरने 1660 साली पॅरिसमध्ये तिच्यावर ‘स्गानारेल’ हा फार्स रचला. शंभर वर्षांनी, 1761 मध्ये, आर्थर मर्फीने ती लंडनला नेऊन ‘ऑल इन द राँग’ केलं. तिथून देवलांनी ती उचलली. आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक आलं आणि 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने त्याचं संगीत रूप रंगमंचावर आणलं. रेवती बालगंधर्व, फाल्गुनराव गणपतराव बोडस. पात्रांची नावं मात्र देवलांनी थेट पंचांगातून घेतली. नक्षत्रं आणि महिने एकमेकांवर संशय घेत फिरतात, हा विनोद ना मोलिएरला सुचला ना मर्फीला.

मोलिएरच्या काळापासून पुढची शंभरेक वर्षं युरोपातल्या ऑपेरांना असल्या घोटाळ्यांचं भारी वेड होतं. हँडेलचा ‘सेर्से’ घ्या. लंडन, 1738. तिथे तसबिरीऐवजी एक प्रेमपत्र आहे. नोकर ते भलतीच्याच हातात देतो, ती बया ते आपल्यालाच आलंय म्हणून मिरवते, आणि पुढे राजापासून सगळ्यांची झोप उडते. राजाचं काम काफारेल्ली नावाच्या खच्ची केलेल्या गायकाने केलं, राजाच्या भावाचं काम एका बाईने. इकडे बालगंधर्वांची रेवती पुरुष. दोन्हीकडे सगळे सगळ्यांवर संशय घेतात, फक्त एवढ्या एका बाबतीत कोणाला शंका येत नाही. लंडनकरांना तो ऑपेरा रुचला नाही, पाच प्रयोगांत गुंडाळला. आमचं मंडळ पाच प्रयोगांपर्यंत पोचलं तर पेढे वाटेल, तो भाग वेगळा.

त्या ऑपेरांतली गाणी ऐकताना मला नेहमी नाट्यपद आठवतं. पहिला भाग गायचा, मग दुसरा, आणि पुन्हा फिरून पहिला, पण या खेपेला हरकती आणि नक्षीकामासकट. शब्द तेच. आपल्याकडेही पात्र एक ओळ धरतं आणि तीच वीस तऱ्हांनी घोळवतं. कथानक तिथेच थांबलेलं. लोक हसतात, की अहो, एवढं गात बसण्यापेक्षा सरळ जाऊन विचारा ना! पण मत्सराने पेटलेला माणूस दुसरं काय करतो? ‘ती त्याच्याकडे बघून हसली’ एवढी एकच ओळ त्याच्या डोक्यात असते. ती तो रात्रभर आळवतो, कधी वरच्या सुरात, कधी खर्जात, आणि स्वतःच स्वतःला वन्समोर देतो. सरळ विचारायचं सोडून बाकी सगळं करतो. गद्यात संशय पाच मिनिटांत फिटेल. त्याला टिकायला ताना लागतात. देवलांनी गद्य नाटकाला पदं जोडली ती रसिकांसाठी असतील, पण माझ्या मते फाल्गुनरावाची बाधा गाण्याच्या घरातच नीट पोसली जाते.

अडचण एवढीच, की आमच्या फाल्गुनरावाला संशय घेता येईना. गृहस्थ सकाळी सातला घर सोडतात, अंधेरीहून रात्री नवाला परततात, मग तालमीला. बायकोकडे रोखून बघायची सवयच नाही. ती शेजारी बसून खुशाल सांगत होती, “यांना मी घरी आहे की नाही हेही लक्षात येत नाही.” शेवटी दिग्दर्शकांनी युक्ती काढली. “लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून बसल्यावर खिडकीतला माणूस मुंब्र्याला उठतोय की दिव्याला, हे जसं बघता, तसं कृत्तिकेकडे बघा.” त्या दिवसापासून नजरेत जी धार आली, ती शेवटपर्यंत टिकली.

प्रयोग लागला ठाण्याला, गडकरी रंगायतनमध्ये. ऑर्गन टेम्पोतून कल्याणहून आणलेला, त्याचा एक भाता वाटेत रुसला होता. ज्यांच्या नावाचं हे थिएटर, ते राम गणेश गडकरी आपल्या ‘एकच प्याला’ नाटकाचा पहिला प्रयोग लागण्याच्या जेमतेम महिनाभर आधी गेले. देवलही ‘संशयकल्लोळ’ संगीतात उभं राहिलेलं पाहायला उरले नव्हते. नांदीला उभं राहताना हे मनात आलं, पण तिसरी घंटा झाली आणि भात्याकडे लक्ष गेलं.

तिसऱ्या तासाला अश्विनशेटच्या पदाला वन्समोर आला. विंगेत दिग्दर्शक घड्याळ दाखवताहेत, कारण निम्मं थिएटर डोंबिवली-कल्याणचं, आणि शेवटच्या गाड्या काही नाट्यसंगीताच्या भक्त नाहीत. पण पठ्ठ्याने पद पुन्हा घेतलं, आणि पहिल्यापेक्षा लांबवलं. मागच्या रांगांतले लोक पिशव्या खांद्याला लावून उभ्याउभ्याने माना डोलावत होते. भरपाई म्हणून शेवटचा प्रवेश गद्यात पळवला. तसबिरीचा उलगडा, क्षमा, मिलन, सगळं दिवा ते कोपर जायला लागतं तेवढ्या वेळात.

रंगपटात मेकअप पुसता पुसता कृत्तिका फणकारली, “एवढ्यात कोणाचा संशय फिटतो होय? माझा अजून फिटला नव्हता!”