अनाथ, अमर आणि अर्जदार

ऑनलाइन रोलप्लेच्या गटात शिरायचं तर विहित नमुन्यात अर्ज करावा लागतो, हे ऐकून घरातली वडीलधारी मंडळी हसतात. त्यांना हसू द्यावं. खेळ तसा साधा आहे. पाच-दहा जणांनी मिळून, बहुधा एखाद्या प्रसिद्ध कथेच्या जगात, एक गोष्ट लिहायची, प्रत्येकानं आपापल्या पात्रापुरतं बोलायचं आणि पुढचा परिच्छेद दुसऱ्यावर सोपवायचा. पण या खेळात स्वतःच्या डोक्यातलं नवं पात्र, म्हणजे खेळणारे ज्याला 'ओसी' म्हणतात ते, उतरवायचं असेल तर नाव, वय, रूप, स्वभाव, शक्ती, कमतरता, पूर्वेतिहास आणि नमुन्यादाखल लेखन एवढा ऐवज आधी जमा करावा लागतो. मग तो मॉडपुढे जातो. मॉड म्हणजे गटाचा कारभारी. स्वतःची बारावीची प्रॅक्टिकल तोंडावर आलेली असताना हा मुलगा रात्री दोन वाजता तुमचा अर्ज शब्द न् शब्द वाचतो आणि 'पूर्वेतिहासात सुधारणा करून पुन्हा सादर करावे' असा शेरा मारून परत पाठवतो. एवढी तत्परता कुठल्याही कचेरीत दिसणार नाही.

अशा होतकरू अर्जदारांच्या सोयीसाठी पुढील मार्गदर्शन.

नावापासून सुरुवात करू. नाव उच्चारताना समोरच्याला दम लागला पाहिजे. त्यात रक्त, सावली, चांदणं आणि कावळा यांपैकी निदान दोन गोष्टी याव्यात. गट जपानी कथेवरचा असेल तर शब्दकोश उघडून 'अंधार' या शब्दावर बोट ठेवावं, काम भागतं. काही ठिकाणी मात्र नावांचे नियम कडक असतात. २००३ पासून येत असलेल्या 'वॉरियर्स' या रानमांजरांच्या कादंबऱ्यांत उमेदवारी करणाऱ्या पिल्लाच्या नावाला 'पॉ' लागतं आणि टोळीच्या नायकाला 'स्टार'. नायकाला वर नऊ आयुष्यंही मिळतात. साहजिकच सहा महिन्यांच्या पिल्लाला थेट 'स्टार' लावून मिळावं, असा अर्ज आपण करायचा. हरकत आली तर भविष्यवाणीकडे बोट दाखवावं. भविष्यवाणी आपणच लिहिलेली असते, त्यामुळे ती सहसा आपल्या बाजूनं असते.

वय दोन प्रकारे भरावं: दिसायला सतरा, प्रत्यक्षात नऊशे. नऊशे वर्षं जगलेला माणूस वर्गात मागच्या बाकावर बसून रुसतो कसा, हा प्रश्न मॉडनं विचारू नये. रूपाच्या रकान्यात दोन डोळ्यांचे रंग वेगळे लिहावेत. शिवाय ते मनःस्थितीप्रमाणे बदलतात, अशी तळटीप टाकली की इतर खेळाडूंना रोज विचारपूस करावी लागते.

इथे आपल्या एका थोर पूर्वजेचं स्मरण करणं योग्य ठरेल. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक' या अंतराळमालिकेच्या चाहत्यांसाठीच्या एका हौशी मासिकात छोटीशी टवाळखोर कथा लिहिली. तिच्यातली मेरी सू साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट. कॅप्टन कर्क तिच्या प्रेमात पडतो आणि तिच्या हाती जहाज सोपवून कॉफी आणायला जातो. पुढे ती जहाज इतकं उत्तम चालवते की तिला शांततेचं नोबेल मिळतं. मग ती मरते, सगळे रडतात, तिचा वाढदिवस जहाजावर सुट्टीचा दिवस ठरतो. चाहते पाठवत असलेल्या कथांमध्ये अशी कन्या वारंवार भेटायची, म्हणून पॉलाबाईंनी तिची फिरकी घेतली. त्यानंतर अर्धशतक उलटलं. टवाळी म्हणून लिहिलेल्या त्या कथेचा लोकांनी नमुना अर्ज करून टाकला.

पूर्वेतिहासात आई-वडील पहिल्याच वाक्यात मारावेत. जिवंत आई-वडिलांसारखा अडथळा नाही. ते जेवायला बोलावतात, दहानंतर घराबाहेर सोडत नाहीत. पुढे कुळही मारता आलं तर उत्तम. 'नारुतो' या जपानी मंगाच्या, म्हणजे चित्रकथेच्या, मूळ कथेत इटाची एका रात्रीत सगळं उचिहा कुळ कापून काढतो आणि फक्त धाकट्या भावाला, सासुकेला, जिवंत सोडतो. मंगा १९९९ मध्ये सुरू झाली, २०१४ मध्ये संपली, पण त्या रात्री पिंपात लपून वाचलेल्या सख्ख्या, चुलत आणि मानलेल्या बहिणींचे अर्ज अजून थांबलेले नाहीत. सगळ्यांची मोजदाद केली तर कत्तलीनंतर कुळ वाढलं असंच म्हणावं लागेल.

मारायचे नसतील तर आई-वडील मोठे तरी असावेत. हॅरी पॉटरच्या गटांत खलनायक व्होल्डेमॉर्टची गुप्त मुलगी हा अर्ज मॉड मंडळी डोळे मिटून फेटाळत असत. मग २०१६ साली लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये 'हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड' हे अधिकृत नाटक आलं आणि त्यात निघाली कोण? व्होल्डेमॉर्टची गुप्त मुलगी. मॉडनं नाकारलेलं रंगभूमीनं मंजूर केलं. हा दाखला अर्जाला जरूर जोडावा. मॉड त्यावर वाद घालत नाही, सरळ बंदी घालतो.

पर्सी जॅक्सनच्या कादंबऱ्यांच्या जगात ग्रीक देवांची मुलं उन्हाळी शिबिराला येतात. झ्यूस, पोसायडन आणि हेडिस या तिघा थोरल्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर 'यापुढे मुलं होऊ देणार नाही' अशी शपथ घेतलेली आहे, आणि ती मोडणं हीच तिथं केवढी मोठी घटना. अर्ज बघावेत तर शपथ कुणी पाळलेलीच नाही. दर दुसरा उमेदवार त्या तिघांपैकी एकाचा, म्हणून बरेच गट या तिघांच्या मुलांवर संख्येची मर्यादा घालतात. डिमीटर ही शेतीची देवी. तिच्या पोरांच्या जागा मात्र रिकाम्या. आपल्याकडे शेती करणाऱ्या मुलाला स्थळ मिळत नाही, तोच प्रकार ऑलिम्पसवर आहे म्हणायचा. अर्ज लवकर मंजूर व्हावा असं खरंच वाटत असेल तर डिमीटरचं पोर व्हावं, पण एवढी समजूत असलेला माणूस मार्गदर्शन वाचत कशाला बसेल?

शक्तींचा रकाना भरताना हात आखडता घेऊ नये. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा रोलप्लेचा खेळ निघाला तेव्हा पात्राचे ताकद, बुद्धी, चपळाई असे सहा गुण तीन फासे टाकून ठरवायचे. तीनपासून अठरापर्यंत जे पडेल ते मुकाट्यानं घ्यायचं. मठ्ठ जादूगार आणि मरतुकडा योद्धा ही त्या फाशांची देणगी. लेखी रोलप्लेत फासे बहुधा नसतात, त्यामुळे अर्जदार सहाही ठिकाणी स्वतःच अठरा लिहितो आणि सातवा गुण जोडून त्यातही अठरा घेतो. पुढे खेळ सुरू झाला की 'मी वार चुकवतो, उलट वार करतो, तुझं पात्र बेशुद्ध पडतं' असं एकाच वाक्यात उरकावं. याला गॉडमॉडिंग म्हणतात आणि हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा गुन्हा आहे, कारण दुसऱ्याचं पात्र बेशुद्ध पडलं की नाही हे ठरवायचा हक्क त्या दुसऱ्याचा असतो.

आता कमतरता. सगळा घोळ इथं होतो, म्हणून जरा थांबू. हा रकाना रिकामा सोडता येत नाही, तेव्हा अर्जदार लिहितात: फार प्रामाणिक, मित्रांसाठी जीव देते, स्वतः किती सुंदर आहे याची तिला कल्पना नाही. धाडस केलंच तर 'कधी कधी अडखळते'. अडखळली की कुणीतरी देखणा पुरुष सावरतो, म्हणजे तीही जमेचीच बाजू. लाल शाईनं लिहिल्यानं जमेची रक्कम खर्चाची होत नाही, हे मॉडला कळतं.

मग बलवान पात्र मागूच नये का? खुशाल मागावं. एक अर्ज बघा: सूर्याचा गुप्त मुलगा, जन्मतःच अंगावर कवचकुंडलं, आईनं नदीत सोडलेला, सूताच्या घरी वाढलेला, अर्जुनाच्या तोडीचा धनुर्धर. रात्री दोन वाजता हे वाचून कुठलाही मॉड कपाळावर हात मारेल. पण पुढचं वाचा. जातीबद्दल खोटं बोलून विद्या मिळवली म्हणून परशुरामांचा शाप, ऐन वेळी ती आठवणार नाही. दुसरा शाप रथाच्या चाकाचा. कवचकुंडलं इंद्र मागून नेतो, आणि बदल्यात मिळालेली एकदाच वापरता येणारी शक्ती अर्जुनासाठी राखलेली असताना घटोत्कचावर खर्च होते. कुंतीला दिलेला शब्द तर अर्जुनाखेरीज चार पांडवांच्या बाबतीत हातच बांधून ठेवतो. कर्णाची एकेक शक्ती अशी वसूल झालेली आहे आणि प्रत्येक कमतरतेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं आहे: गुरू, आई, शत्रू, सारथी. त्यांना करायला काम आहे, म्हणूनच तर १९६७ साली आलेल्या 'मृत्युंजय'मध्ये शिवाजी सावंत ती गोष्ट एकट्या कर्णाच्या तोंडी ठेवत नाहीत. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात. हा रोलप्लेच म्हणायचा, फक्त सगळी पात्रं एकाच माणसानं चालवली आणि कुठल्या मॉडची परवानगी घेतली नाही.

मॉड अर्जात हेच शोधत असतो. तुमच्या पात्रानं दुसऱ्याला काय करायला लावलं? कुणाचे पैसे बुडवलेत, कुणाला खोटं सांगितलंय, कशाला घाबरून कुणाची मदत मागावी लागते? अनाथ असायला हरकत नाही, पण वाढवलं कुणी आणि त्या माणसाशी सध्या बोलणं आहे का, एवढं तरी लिहा. तिथं दुसरा खेळाडू शिरतो.

नमुन्याच्या लेखनातही हेच. पात्र पावसात भिंतीला टेकून एकटंच उभं आहे, आकाशाकडे बघतंय, कुणाशी बोलायची इच्छा नाही. वाचायला छान, पण पुढच्यानं काय लिहायचं? एखाद्या उदार मॉडनं असे पाच अर्ज एकदम मंजूर केले की सराईच्या पाच कोपऱ्यांत टोपडं पुढे ओढलेले पाच गूढ प्रवासी बसतात आणि कुणीच कुणाशी बोलत नाही. चार भिंतींच्या सराईत पाचवा कोपरा कुठून आला, हे विचारायलाही कुणी उठत नाही. पंधरा दिवसांनी गट बंद पडतो. त्यापेक्षा पात्राला चुकीच्या टेबलावर बसवा, दुसऱ्याची थाळी खाऊ द्या.

पात्राच्या चेहऱ्यासाठी कुठल्या नटाचा फोटो लावायचा ते आधी यादीत बघून घ्या. बऱ्याच गटांत एक चेहरा एकालाच मिळतो आणि देखणे चेहरे पहिल्या दिवशीच संपतात.

आणि नियमावली वाचा, सगळी वाचा. बऱ्याच गटांत तिच्या मधल्याच कुठल्यातरी कलमात एक सांकेतिक शब्द दडवलेला असतो आणि तो अर्जाच्या शेवटी लिहायचा असतो. तो नसेल तर कर्णाचा अर्जही न वाचता परत येतो.