घारीवरचा आळ

काकी सकाळची मशेरी गडग्याला टेकूनच लावतात. कंबरभर चिऱ्यांचा गडगा. पलीकडे त्यांचं रान, अलीकडे आमचा खळा. रान हा शब्द माझा. त्या त्याला परडा म्हणतात.

"काय गो, आज किती?"

"सात."

"काल आठ होती. गेला मगे एक."

खुडूक कोंबडीखाली तेरा अंडी ठेवली होती, अकरा पिल्लं निघाली. चार आठवड्यांत हा हिशोब. मी वर बोट दाखवलं. माडांच्या शेंड्यांवरून ती विटकरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार निवांत घिरट्या घालत होती.

"ती? ती गरीब रापणीवरची. वाळूत पडलेले तारले उचलता नि जाता. चोर कधी ढोल वाजवीत येता? आभाळात दिसता तिच्यार आळ, नि फणसात बसलेलो साव!"

मी कोल्हापूरची. घाटावरच्या सुनेला बांगडा नीट साफ करता येत नाही, हे तारकर्लीत सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. पण पक्ष्यांच्या बाबतीतही नापास होईन असं वाटलं नव्हतं. काकींचं घारीवर जरा जास्तच प्रेम आहे, हेही सांगायला हवं. घरट्यात पिल्लं असली की घारसुद्धा अंगणात झेप घेते. पण फणसातल्याबद्दल त्यांचंच खरं निघालं.

झालं असं, की ह्यांनी मामांकडून मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी आणली आणि माडापासून पडवीपर्यंत खळ्यावर ताणली. दुसऱ्याच दिवशी एक चुडत कोसळलं, जाळी फाटून अर्धी लोंबायला लागली. तिसऱ्या दिवशी त्या लोंबत्या भागात शिकरा अडकला. एवढासा, कबुतराएवढा! करडी पाठ, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा, काडीसारखे पिवळे पाय. एवढ्या जिवाने माझी चार पिल्लं नेली?

वाडीतली पोरं गलोल घेऊन हजर. तेवढ्यात काकींचा भाचा आला. तो पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवतो, त्यामुळे वनखात्याचे नियम त्याला पाठ. "ठेवा ती गलोल. शिकरो मारलास तर १९७२ चो कायदो लागता. कोंबडेच्या पिलापायी कोर्टात जातलास?" पोरं पांगली, पण गडग्यापलीकडून मान उंचावून बघत राहिली.

मी टॉवेल टाकला. काकी पलीकडून सूचना देतायत, "पाय धर, पाय! चोच काय करूची नाय, नखां करतली." हे आधी सांगायला हवं होतं. माझा अंगठा तोवर त्याच्या मुठीत गेला होता. ह्यांनी कात्रीने एकेक धागा कापला. टॉवेलखाली त्याची छाती शिलाई मशीनसारखी धडधडत होती, डोळे मात्र माझ्यावर रोखलेले, पिवळेजर्द. सोडल्यावर तो माडावर जाऊन बसला, पिसं झाडली आणि गडग्याच्या कडेने अगदी खालून सूर मारत निघून गेला. तेव्हा कळलं, हा आम्हाला कधी दिसत का नव्हता.

"जाळी काढ आता," काकी म्हणाल्या. "नि तुझो खळो बघ. गाडयेक बरो, शिकऱ्याक तेच्याहून बरो."

मुद्दा लागला. होमस्टेला येणाऱ्यांच्या दोन गाड्या वळाव्यात म्हणून गेल्या वर्षी आम्ही अबोली, जास्वंद आणि कोपऱ्यातली करवंदाची जाळी साफ केली. काकींचं परडं बघून मी नाक मुरडायचे: अडुळसा, निवडुंग, कुजकी चुडतं, मोडका पाट. पण त्यांच्या कोंबड्याने वर बघत तो लांब, बारीक आवाज काढला की पिल्लं क्षणात त्या कचऱ्याखाली गडप. मुंगूस दिसलं तर आरडाओरडा वेगळा, तुटक आणि कर्कश. काकी चुलीपुढे बसून ओळखतात, धोका वर आहे की खाली. आमची पिल्लं ऐकतातही, पण "पळूचा खंय?"

आता महिनाभर डालग्याखाली ठेवते, आणि कोंबडीसोबत सोडते तेव्हाच बाहेर. गडग्याला चुडतं तिरकी टेकवून झोपडीसारखा आडोसा केलाय. ह्यांची कुरकुर आहे, की गाडी एका वेळी एकच वळते. गावठी कोंबडीचा रस्सा आणि वडे मागणाऱ्या पाहुण्यांना हे कोणी सांगायचं?

आज सकाळी पुन्हा गडग्यावर. "किती?"

"सातच."

"मगे बरा." मशेरीचं बोट थांबलं, आवाज खाली आला. "आयकलंस? वयल्या वाडयेत एकान राखणदाराक कोंबो सांगान ठेवलेलो. अजून पुरतो आरवाक पन लागलो नव्हतो. तो न्हेल्यान कोणीतरी, दिवसाढवळ्या."

"आता मग देवाला काय सांगणार?"

"सांगतलो काय? म्हणता, राखणदार सोताच इलो नि आपलो कोंबो घेवन गेलो. म्हंजे दुसरो देवक नको!"

"कोण हो काकी?"

काकींनी वरच्या वाडीकडे एकदा बघितलं, चूळ भरली. "माजा नाव खंय घेव नको हां," म्हणाल्या, आणि गडग्यावर कोपरं टेकून जरा पुढे वाकल्या.