बिनसोसायटीचं घर

ठाण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेचं खजिनदारपद वर्षानुवर्षं सांभाळलेल्या एका गृहस्थांनी निवृत्तीनंतर गावाकडे घर घ्यायचं मनावर घेतलं. अट एकच, तिथे सोसायटी नको. मेंटेनन्स नको, सिंकिंग फंड नको, कठड्यावर वाळत घातलेल्या चादरीवरून विशेष सर्वसाधारण सभा नको. (चादरीची नोटीस त्यांनीच काढली होती, ते सोडा.) १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाचा नि आदर्श उपविधींचा त्यांना असा वीट आला होता, की राज्याचा नकाशा उघडून त्यांनी थेट वायव्येच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. नंदुरबार. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा निघालेला जिल्हा. स्वतंत्र बाण्याचा असणार, असा त्यांचा हिशेब.

खान्देश एक्सप्रेस मुंबईहून निघते, सुरतेला वळसा घालते आणि महाराष्ट्रातून महाराष्ट्रात यायला गुजरात ओलांडते. राज्यात परत शिरायचं ते नवापूरला, आणि तेही अर्धवट. स्टेशन दोन राज्यांत विभागलेलं आहे. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि फलाटावरच्या एका बाकावर मधोमध सीमारेषा. प्रवासी तिथे फोटो काढतात. खजिनदारांनी खिडकीतून तो बाक पाहिला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"याच्या रंगाचा खर्च कसा वाटून घेत असतील?"

"तुम्ही निवृत्त झालात," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, म्हणाल्या.

पहिली स्वारी तोरणमाळला. शहाद्याहून जीप सातपुड्याच्या वळणांना लागली, हवा गार झाली, आणि यशवंत तलाव दिसेपर्यंत वहिनींनी मनातल्या मनात पडदेही निवडले होते. वाटेत पाड्यांवरची घरं. एकाची भिंत दुसऱ्याला चिकटलेली नाही, जो तो आपल्या शेताच्या मध्यात. कुडाच्या भिंती मातीशेणाने सारवलेल्या, वर नळीची कौलं, दाराशी कणसांचा ढीग. वरच्या मजल्याची गळती नाही, कारण वरचा मजलाच नाही. खजिनदारांनी जीप थांबवायला लावली. "असं एखादं विकत मिळेल का?"

ड्रायव्हर मान वळवून हसला. "काका, हे नाही मिळत."

मिळत नाहीच. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे चार तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, शहादा आणि नंदुरबारमधलीही बरीच गावं. जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ म्हणतं, की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि तीही राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेने. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमती वेगळी. बक्षीस म्हणून द्या, अदलाबदल करा, पळवाट नाही. खजिनदारांनी आयुष्यात कितीएक ना-हरकत पत्रं अडवून ठेवली होती, पण या दर्जाची अडवणूक त्यांनी प्रथमच पाहिली आणि जाणकाराच्या नजरेने तिला दादही दिली.

दाद द्यावी अशीच ती आहे. सावकाराच्या वहीवर अंगठा उठायचा आणि शेत हातचं जायचं, हा या भागाचा जुना इतिहास. १९७२ साली शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा भरला, अंबरसिंग महाराजांनी गावोगाव लोकांना उभं केलं, आणि १९७४ मध्ये ३६अ आलं, गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही आला. ठाणेकरांना सुट्टीत धुकं बघायला घर मिळावं म्हणून तो सैल करावा, असं म्हणायला बरंच धाडस लागेल. खजिनदारांना ते नव्हतं. वहिनींनी पडदे मनातच गुंडाळून ठेवले.

मग सपाटीवरचं शेत? तिथे कूळकायद्याचं कलम ६३ दार अडवून उभं. आधी शेतकरी असल्याचा पुरावा दाखवा. खजिनदारांकडे दोन कुंड्या आणि एक तुळस. उरलं ते गावठाण.

शहादा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात पाच खणांचं धाब्याचं घर विकाऊ असल्याचं कळलं. गाठीशी नातं नसताना गावात शिरणं अवघडच. याच तालुक्यात, टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. पण पारावरच्या आप्पांनी आधार बघितलंच नाही. "पाव्हणं कोणाकडचे?" एवढंच विचारलं, आणि उत्तर पटेपर्यंत चहा आला नाही.

"गावात सोसायटी नाही ना?" खजिनदारांनी खात्री करून घेतली.

"शे ना! पीककर्ज पाहिजे का?"

घर मात्र खरंच देखणं. सागाच्या तुळया, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, भर दुपारी आत गारवा. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकावी लागते, नाहीतर घरात छत्री. नमुना ८ चा उतारा निघाला, तो मालकाच्या वडिलांच्या नावे. वडील कधीच वारलेले. वारसांत मालक, सुरतेला कामाला असलेले दोन भाऊ आणि तीन बहिणी, पैकी एक रुसलेली. सोसायटीत कोरम भरला नाही तर सभा अर्ध्या तासाने पुन्हा भरते. रुसलेल्या बहिणीला तशी सोय नाही.

पूर्वेची भिंत शेजाऱ्याशी सामाईक. पश्चिमेच्या पन्हाळीचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं, यावर दोन घरांत जुनं वैर. पलीकडे दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली घोडी बांधलेली. पॉमेरेनियनला लिफ्टबंदी करणाऱ्या (तशी बंदी करता येत नाही, हे त्यांना मागाहून कळलं) खजिनदारांनी तिच्याकडे बघून फक्त सरकून वाट दिली.

वर धाब्यावर चढले तर पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे लाल मिरची पसरलेली. नंदुरबारची बाजारपेठ ज्या मिरचीवर चालते, तिचा उग्र वास घशात उतरला आणि दोघं शिंकत सुटली. शेजारच्या आक्का शिडीवरून वर आल्या, सुपातल्या आणखी मिरच्या ओतल्या आणि पदराने हात पुसले.

"आम्ही आठेच टाकतस," त्यांनी सांगून टाकलं. विचारलं नव्हतं.

खजिनदारांनी खिशातून वही काढली. "म्हणजे किती दिवस?"

"होळीपर्यंत. मग पापड."

वहिनींनी पदर नाकाला लावूनच विचारलं, "पापड उडदाचे की नागलीचे?"

आक्कांनी त्यांना बसायला रिकामं सूप सरकवलं. देठ खुडायचे होते.