फोटोपुरता मासा

उन्हाळ्यात अप्पर वर्धा धरणाचं पाणी आटलं की काठावर गरी टाकून बसणारे दोन तऱ्हेचे लोक दिसतात. एकाला घरच्या रश्शासाठी मासा हवा असतो, दुसऱ्याला फोटोसाठी. पहिल्याविषयी माझी तक्रार नाही.

दुसरा छाती पुढे काढून सांगतो, ‘आम्ही मारत नाही, सोडून देतो.’ सोडता कसा, तेही सांगा! दहा किलोचा कटला गरीवर दमेपर्यंत खेळवायचा, तापलेल्या दगडांवरून ओढायचा, कल्ल्यात बोटं खुपसून उचलायचा आणि चौघांनी आळीपाळीने कुशीत धरायचा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हातांना आणि शर्टाला पुसला जातो. रोगापासून मासा वाचतो तो त्याच थरामुळे. मे महिन्यातल्या कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी. शेपूट हलवत तो खोलात जातो आणि आपण टाळ्या पिटतो. दुसऱ्या दिवशी तो कुठे तरंगतो, ते बघायला कोणी थांबत नाही.

स्वित्झर्लंडने 2008 पासून सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडायला बंदी घातली. खायचा नसेल तर मजेखातर मुळात गळाला लावू नका, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. 

मासा सोडून दिल्याने जात वाचते का, ते कावेरीच्या खोऱ्यात बघा. तिथल्या कबिनी नदीत 1946 साली 120 पौंडांचा महसीर गळाला लागला होता. पुढे कावेरीकाठच्या, गळ टाकणाऱ्या हौशींच्या कॅम्पांवर मासा सोडायचीच शिस्त आली, आणि कॅम्पच्या माणसांमुळे सुरुंग लावून मासे मारणारे दूर राहिले, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्याच नदीत बाहेरच्या जातीच्या महसीरचं बीज सोडलं गेलं, आणि तिथला मूळचा कुबडा महसीर आज नामशेष व्हायच्या काठावर आहे. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात मासे पिढ्यानपिढ्या सुखात आहेत, कारण देवीचे मासे म्हणून तिथे कोणी गळच टाकत नाही.

तळेगाव-आष्टीकडच्या हौशी मंडळींनी एक ध्यानात घ्यावं. जलाशयात दरवर्षी बोटुकली सोडली जाते, कारण कटला-रोहू साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पावसाच्या तोंडावर पोट फुगलेल्या माद्या नदीच्या मुखाकडे सरकतात, आणि नेमक्या तिथेच गऱ्या पडतात. दर किलो वजनामागे लाखभर अंडी बाळगणारी मादी वजनकाट्याला टांगून फोटो काढणं, हा त्या पाण्यावर पोट असलेल्या भोई बांधवांच्या ताटावर घाला आहे.

मासा खायचा असेल तर काठावरच डोक्यावर एक घाव घालून मारा, पोत्यात तडफडत ठेवू नका. अंड्यांवर आलेली मादी लागली तर पाण्याबाहेर न काढता, ओल्या हातांनी गरी सोडवा. गरीचा उलटा दात आधीच पक्कडीने दाबून ठेवला असेल तर ती अलगद निघते. तिलापिया किंवा बंदी असलेला थाई मांगूर लागला तर मात्र दया दाखवू नका, तो पाण्यात परत जाता कामा नये.

आणि पहिल्या पावसाने वर्धेला गढूळ पाणी आलं की दोन महिने गरी घरीच ठेवा.