संसार : छायाचित्रणाच्या दृष्टीने

नवविवाहितांच्या छायाचित्रणाचे दोन कालखंड पडतात. पहिल्यात छायाचित्रकार पैसे देऊन बोलावलेला असतो आणि तो हळदीपासून पाठवणीपर्यंत सारे टिपतो. दुसरा कालखंड सत्यनारायणाची पूजा उरकून पाहुणे पांगले की सुरू होतो. यात दोघांपैकी एक छायाचित्रकार व दुसरा विषय असतो, आणि विषयाला भूक लागलेली असते.

रोलच्या जमान्यात हा दुसरा कालखंड जवळजवळ नव्हताच. आगफाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात 120 च्या रोलवर 12 फोटो निघत. पुढे आलेल्या 35 मिमीच्या रोलवर 36. ते महाबळेश्वरचे पॉइंट आणि देवदर्शन यांतच खर्ची पडत. घरातले फोटो निघत ते केवळ रोल संपवून धुवायला टाकायचा असे म्हणून. वातीच्या स्टोव्हसमोर बसलेली, पदराने घाम पुसत ‘आत्ता नको हो’ म्हणणारी नवी नवरी अशाच उरलेल्या फोटोत सापडते.

मोबाइलमुळे रोल संपेनासा झाला आणि पोह्यांना महत्त्व आले. पोह्यांच्या फोटोची रीत अशी : बशी ओट्यावरून खिडकीपाशी न्यायची, कोथिंबीर वरून पुन्हा भुरभुरायची, लिंबाची फोड सरळ करायची. वाफ दिसायला हवी, पण जवळून काढावे तर तीच भिंगावर बसते. ‘अगं, गार होताहेत!’ ‘थांब रे, चमचा नको घालूस.’ या संवादानंतर निघालेल्या फोटोला ‘निवांत रविवार’ असे नाव दिले जाते.

रात्रीचा प्रकाश हा स्वतंत्र विषय आहे. जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेऱ्याला कळते, आणि शटर वेगवान असेल तर नवऱ्याच्या अंगावर पट्टे उमटतात. हात लांब करून सेल्फी काढली तर भिंग नाकाच्या फार जवळ येते आणि नाक आहे त्याहून मोठे दिसते. याला फोन जबाबदार नाही, अंतर जबाबदार आहे. हे नाकाच्या मालकाला पटवणे मात्र अवघड.

पहिल्या वर्षी सणही रोजच्यातच धरावे लागतात, इतके ते असतात. त्यात सर्वांत कठीण संक्रांत. काळी साडी आणि पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने एकाच चौकटीत आले की कॅमेरा गोंधळतो. समोरचे सारे मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून तो प्रकाश मोजतो. म्हणून काळ्याला उजळवायला जातो, साडी राखाडी होते आणि हलव्याचा काटा, ज्यासाठी कुणीतरी पाकाशी तासन्‌तास झटलेले असते, पार पुसला जातो. उपाय सोपा : पडद्यावर हलव्यावर बोट टेकवावे आणि उजेड थोडा खाली ओढावा. घाई करावी, मुंग्यांनाही दागिन्यांची हौस असते.

फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की त्याचे परीक्षण होते. परीक्षक जोडप्याकडे बघत नाहीत, मागे बघतात. सासूबाईंना दोरीवरचे कपडे दिसतात, आईला लेकीची उतरलेली तब्येत, आणि मामांना भिंतीतली ओल व तिचे कारण. यावर जोडपी चौकट आवळतात. शेवटी फक्त दोन चेहरे व अर्धी कुंडी उरते, जी कुणाच्याही घरातली असू शकते.

हा उपाय चुकीचा आहे. जुन्या अल्बममध्येही लोक आधी मागचा स्टोव्ह, रेडिओ आणि कॅलेंडरच शोधतात. शिवाय व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर दाबून लहान झालेला असतो आणि मोठा करून छापला की फुटतो. तेव्हा नवदांपत्यांनी मूळ फोटो जपावेत, मधूनमधून एखादा चार बाय सहाच्या कागदावर छापून घ्यावा, मागे पेनाने तारीख घालावी आणि कपड्यांची दोरी कापू नये.